आजीला दात कुठून आले?

आजी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी काकाचा फोन आला. "फोटोचं काय? तेराव्याला लागेल. मोठा हवा, बारा बाय पंधरा तरी." मास कॉमला असताना एक सेमिस्टर फोटोग्राफी होती, तेवढ्या भांडवलावर आमच्या खानदानात मी 'कॅमेऱ्यातलं कळणारी' म्हणून फेमस आहे. त्यामुळे काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं.

घरात पाहुणे, फोन सारखा वाजतोय, डोकं ठिकाणावर नाही. फॅमिली ग्रुपवर मागे मागे जात राहिले आणि दादाच्या लग्नातला एक ग्रुप फोटो सापडला. चौदा माणसं आणि मधोमध खुर्चीत आजी. फोनवरच तिच्यापुरता क्रॉप केला आणि जवळच्या लॅबला पाठवून दिला. कशावरून? व्हॉट्सअ‍ॅपवरूनच, आणि कशावरून! तिकडून लगेच रिप्लाय : "टेन्शन घेऊ नका मॅडम, एआयनं एकदम एचडी करून देतो."

बाराव्याच्या रात्री वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम घरी आली. बाबांनी कागद काढला आणि ते बघतच राहिले. आजी गोरीपान झाली होती. कपाळावरच्या आठ्या इस्त्री केल्यासारख्या गायब. हनुवटीवरचं गोंदण, तीन हिरवे ठिपके, ज्यांना हात लावून मी लहानपणी एक-दोन-तीन मोजायचे, ते साफ पुसलेले. आणि किंचित उघड्या तोंडात एका ओळीत पांढरेशुभ्र दात. आता, माझ्या आजीला माझ्या जन्माच्या आधीपासून पुढचे दात नव्हते. कवळी करून आणली होती, ती तिनं डब्यात ठेवली आणि डबा कपाटात.

बाबा म्हणाले, "ह्या कोण बाई?"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी त्या बाईंना हार घातला, नमस्कार केला. हॉलमध्ये सोफ्याच्या वर त्या बाई जवळजवळ वर्षभर होत्या. बाबा त्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागले आहेत, हे आधी आईच्या लक्षात आलं, मग माझ्या. वर्षश्राद्धाला दोन महिने उरले तेव्हा मी ठरवलं, काहीही झालं तरी या बाईंना आता उतरवायचं.

त्या दोन महिन्यांत मी जे काही शिकले ते हे. तुमचा फोटो आजीचा नसेलही. लडाखच्या ट्रिपमधला पँगाँग असेल, बाळाचं पहिलं हसू असेल किंवा लोन काढून घेतलेल्या वन बीएचकेची रिकामी भिंत तुम्हाला रोज खुणावत असेल. भानगड सगळीकडे सेमच आहे. फोनवर जो फोटो 'कसला भारी' दिसतो, तोच मोठा करून आणला की तोंड पडतं.

सव्वाशे पिक्सेलमागे एक आजी

आधी थोडं गणित. घाबरू नका, भागाकाराच्या पुढे जाणार नाही.

डिजिटल फोटो म्हणजे रंगीत चौकोनांची शेज. एकेक चौकोन म्हणजे पिक्सेल. चांगला, हातात धरून बघायचा प्रिंट हवा असेल तर एका इंचात ३०० पिक्सेल हवेत, हा जगभरचा रूढ हिशोब. यालाच पीपीआय म्हणतात. बारा बाय पंधरा इंचांसाठी १२ गुणिले ३०० म्हणजे ३६०० आणि १५ गुणिले ३०० म्हणजे ४५००. एकूण एक कोटी ६२ लाख पिक्सेल.

मी लॅबला पाठवलं होतं काय? व्हॉट्सअ‍ॅपच्या नेहमीच्या क्वालिटीत फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलवर येतो. त्यातून मी आजीचा तुकडा कापला, तो ३२० बाय ४०० निघाला. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास पिक्सेल. भागाकार केला तर उत्तर येतं १२६. दर १२६ पिक्सेलमागे एक माझ्या आजीचा आणि उरलेले १२५ सॉफ्टवेअरचे अंदाजपंचे! मग त्यानं दात दिले यात त्याची तरी काय चूक? म्हातारीच्या चेहऱ्यात ओठांच्या मधे काहीतरी उजळ दिसतंय, बहुतेक चेहऱ्यांत तिथे दात असतात, लावून टाक दात. गोंदण? डाग असणार, काढून टाक.

ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की बाकी सगळं सोपं होतं. मोठं करताना फोटोत नवं काही येत नाही. जे फाइलमध्ये आहे तेवढंच आपलं. बाकी सगळी धडपड ते वाटेत सांडू नये यासाठी.

मूळ फाइल शोधा (आणि शोधताना चहा घ्या)

सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, आणि माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. फोटोशॉप वगैरे नंतर.

लग्न २००९ चं, साताऱ्याला झालेलं. तेव्हा दादानं सगळे फोटो ऑर्कुटवर टाकले होते. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, त्यामुळे ती वाट संपली. फेसबुकवर काही होते, पण तेही अपलोड होताना बारीक झालेले. वहिनीच्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क केव्हाच रामनाम सत्य. शेवटी वहिनीला आठवलं की फोटोग्राफरनं एक डीव्हीडी दिली होती. ती सापडली साड्यांच्या कपाटात, खणांच्या गठ्ठ्याखाली, 'मंगल परिणय' छापलेल्या पाकिटात.

आता डीव्हीडी आहे, पण घालणार कशात? आमच्या तीन घरांत मिळून सात लॅपटॉप आहेत आणि एकालाही ड्राइव्ह नाही. एका मित्राच्या ऑफिसातून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. डीव्हीडीवर ओरखडे होते. अर्ध्यावर येऊन कॉपी अडकायची, पुन्हा सुरू करायची, पुन्हा अडकायची. रात्री दीडला शेवटची फाइल आली. (तुमच्याकडेही अशा सीडी-डीव्हीडी पडल्या असतील तर हा लेख खाली ठेवा आणि आधी त्या कॉपी करून घ्या. खरंच. त्या काही वाईन नव्हेत, मुरल्यावर चांगल्या व्हायला.)

फोटोग्राफरचा कॅमेरा १० मेगापिक्सेलचा. प्रत्येक फोटो ३८७२ बाय २५९२. फॉरवर्ड होऊन आलेली फाइल दीडशे केबीसुद्धा नव्हती, ही चार एमबीच्या पुढे. तोच ग्रुप फोटो उघडला, आजीवर झूम केलं, आणि हनुवटीवर तीन ठिपके! मी रात्री दीडला एकटीच मोठ्यांदा हसले.

पण हिशोब केल्यावर हसू मावळलं. मूळ फाइलमध्येही आजीचा तुकडा होता ७७४ बाय ९६८. फॉरवर्डपेक्षा जवळजवळ सहापट माहिती, तरी बारा इंच रुंदीला इंचामागे ६४ पिक्सेलच. चौदा माणसांच्या फोटोतून एक माणूस कापायचा म्हणजे चौदाजणांच्या पोळ्या एका ताटात मागण्यासारखं आहे. चेहरा मोठा हवा असेल तर फोटो काढतानाच तो फ्रेममध्ये मोठा असायला हवा.

मग मी त्या रात्री सगळेच्या सगळे सहाशे फोटो बघितले. सप्तपदी, रुखवत, आइस्क्रीम खाणारे अनोळखी काका. आणि चारशे किती तरीव्या नंबरला, बहुधा फोटोग्राफर लेन्स तपासत असताना काढलेला, आजीचा एकटीचा उभा फोटो. मांडवाच्या कडेला, हिरवं इरकली लुगडं, मांडीवर पानाचा डबा, कुणाकडे तरी बघून ती दात नसलेलं, पूर्ण तोंडभर हसतेय. कोणीच कधी पाहिलेला नव्हता तो. अल्बममध्ये घेतलेला नव्हता, कारण अल्बममध्ये वधू-वर असतात आणि जेवणाच्या पंगती.

म्हणून पहिला सल्ला हाच. फोटो निवडायला 'हायलाइट्स'मध्ये जाऊ नका, मूळ गठ्ठ्यात जा. आणि कुणाकडून फोटो मागवत असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. ऑगस्ट २०२३ पासून तिथे एचडीची सोय आहे, ती आधीपेक्षा बरीच बरी, पण फाइल जशीच्या तशी येते ती डॉक्युमेंटनंच. किंवा सरळ ई-मेल, ड्राइव्ह, पेन ड्राइव्ह. गुगल फोटोजमध्ये तुम्ही 'स्टोरेज सेव्हर' ठेवलं असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो तिथे १६ वर आणले जातात, हेही ध्यानात असू द्या. स्क्रीनशॉटबद्दल मी बोलणारच नाही. स्क्रीनशॉट काढून प्रिंटला देणाऱ्यांना वेगळा नरक असतो.

मग मोठा म्हणजे किती मोठा?

पुन्हा भागाकार. उभ्या फोटोतून मी जो भाग घ्यायचा ठरवला तो २४०० बाय ३००० पिक्सेल. बारा बाय पंधराला इंचामागे २००. सोळा बाय वीसला १५०. आणि ३०० चा हट्ट धरला तर फक्त आठ बाय दहा.

मला तर हॉलसाठी सोळा बाय वीस हवा होता. मग?

इथे एक गंमत आहे. ३०० हा आकडा हातभर अंतरावरून बघायच्या प्रिंटचा आहे. डोळ्याची बारीक बघण्याची ताकद अंतराबरोबर कमी होत जाते. फूटभरावरून साधारण २८६ पिक्सेलपर्यंतचा तपशील आपल्याला वेगळा जाणवतो, दोन फुटांवरून १४३, पाच फुटांवरून ६० पेक्षाही कमी. २०१५ मध्ये ॲपलनं आयफोन ६ वर काढलेले लोकांचे फोटो जगभर होर्डिंगवर लावले होते. तो कॅमेरा फक्त ८ मेगापिक्सेलचा होता! रस्त्यावरून बघणाऱ्याला काय फरक पडतो?

आमच्या सोफ्यावरचा फोटो कोणी दोन फुटांच्या आत जाऊन बघणार नाही, असं मी धरलं. (चुकीचं धरलं, ते पुढे येईलच.) १५० पुरेल असं ठरलं. तुमच्या फोनचा नेहमीचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० च्या आसपास असतो. कापाकापी केली नाही तर सोळा बाय वीस त्यातून आरामात निघतो, भिंतीवर लांबून बघायचा असेल तर वीस बाय तीसही. बॉक्सवर ५० मेगापिक्सेल लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. असे बरेचसे फोन चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतात. आणि बोटांनी झूम करून काढलेला फोटो म्हणजे कापलेलाच फोटो, फक्त कापायचं काम फोननं आधीच उरकलेलं.

अजून एक घोळ. लॅबवाले म्हणतात, "३०० डीपीआय करून आणा." आपण सॉफ्टवेअर उघडतो, ७२ च्या जागी ३०० टाइप करतो, ओके मारतो, खूश. फाइलवर लिहिलेला तो आकडा नुसती चिठ्ठी आहे. ७२ असो की ३००, पिक्सेल २४०० बाय ३००० च असतील तर फोटो तोच. आणि तो आकडा बदलताना 'रीसॅम्पल'ची खूण सुरू राहिली असेल, तर सॉफ्टवेअर गुपचूप नवे पिक्सेल घुसडतं आणि आपल्याला वाटतं क्वालिटी वाढली. पगार तेवढाच, पण सुट्टे करून घेतले म्हणून पाकीट जाड. तसलाच प्रकार.

कापताना हाराला जागा ठेवा

आता एडिटिंग. मूळ फाइलला हात लावायचा नाही. कॉपी करायची आणि कॉपीवर काम. जेपीईजी फाइल दर वेळी एडिट करून सेव्ह केली की थोडी झिजते. तिच्यात फोटो आठ बाय आठच्या चौकटींत दाबलेला असतो, आणि मोठं केल्यावर त्या चौकटी आकाशात आणि गालांवर दिसायला लागतात. म्हणून काम चालू असेपर्यंत टिफ किंवा पीएसडीमध्ये ठेवा, आणि लॅबला द्यायला शेवटी एकदाच सगळ्यात वरच्या क्वालिटीची जेपीईजी. फोटोशॉप नसेल तर गिंप फुकट आहे आणि एवढ्या कामाला भरपूर आहे.

पहिलं काम क्रॉप. फोनचा फोटो ४:३, मोठ्या कॅमेऱ्याचा ३:२, आणि आपल्याकडचे फ्रेमवाले विकतात बारा बाय पंधरा नि सोळा बाय वीस, म्हणजे ५:४. तुम्ही कापला नाहीत तर लॅबवाला कापेल, आणि तो पदर बघणार नाही की पाय. स्वतः कापा. वर फ्रेमची पट्टी दरेक बाजूनं पाव इंच तरी खाते, तेवढं सोडा. कॅनव्हासवर ताणून करणार असाल तर कडा मागे वळतात, दरेक बाजूला दीड-दोन इंच जादा लागतात. आणि एक गोष्ट कुठल्याही परदेशी ट्युटोरियलमध्ये सापडणार नाही. आपल्याकडे फोटोला हार येतो. आजीच्या फोटोच्या खालच्या बाजूला मी पानाचा डबा अगदी कडेला आणला होता. आईनं लॅपटॉपकडे बघितलं आणि म्हणाली, "हार घातल्यावर डबा दिसेल का गं?" नाही दिसला असता. पुन्हा क्रॉप, डबा वर, खाली चार बोटं लुगड्याची.

उजेड नि रंग यात मी फार शिरले नाही. फ्लॅशमुळे कपाळ जरा चकाकत होतं ते उतरवलं, मांडवाच्या पिवळ्या बल्बचा पिवळेपणा थोडा काढला. थोडाच. सगळा काढला तर लग्न राहत नाही, पासपोर्ट फोटो होतो. डोळ्यांच्या खालच्या सावल्या उजळल्यावर दाणे दिसायला लागले, ते घालवायला नॉइज रिडक्शनचा स्लायडर ओढला, आणि ठिपके पुन्हा गायब! मागे घेतला. कागदावर थोडे दाणे असले तर कोणी मरत नाही. उलट बरं दिसतं. मेणाच्या पुतळ्यासारखी कातडी मात्र लांबूनही ओळखू येते.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी, साइझ ठरल्यानंतर, आणि शंभर टक्के झूमवर बघून. जास्त झालं की कडांभोवती पांढरी रेघ उमटते, देवाच्या कॅलेंडरमधल्या प्रभावळीसारखी. कागद फोटोला जरासा मऊ करतो, म्हणून स्क्रीनवर हवं त्यापेक्षा किंचित जास्त चालतं. किंचित म्हणजे किंचितच.

एआय वापरावं का? मी वापरलं, आधीच सांगते. ते सरसकट वाईट आहे असं अजिबात नाही. अडोबीनं २०२१ मध्ये कॅमेरा रॉमध्ये 'सुपर रेझोल्युशन' आणलं, ते लांबी-रुंदी दुप्पट करतं आणि कडा छान सांभाळतं. माझ्या १५० चे ३०० त्यानंच झाले, आणि इरकलीचा काठ खरोखर सुबक आला. पण मूळ फाइल चांगली होती म्हणून. शिवाय वाढवायचं ते दुपटीपर्यंत, सव्वाशेपट नव्हे. आणि बऱ्याच ॲप्समध्ये 'फेस रिस्टोर', 'फेस एन्हान्स' अशा नावाची वेगळी खूण असते, ती आधी बंद करा. पिक्सेल वाढवणं वेगळं, चेहरा नव्यानं काढणं वेगळं. झाल्यावर मूळ फोटो शेजारी ठेवून डोळे, ओठ, तीळ, व्रण एकेक करून ताडून बघा. माणूस त्याच्या व्रणांवरूनच तर ओळखू येतो.

लॅबवाल्या काकांची शाळा

या वेळी मी टिळक रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका जुन्या लॅबमध्ये गेले. काउंटरवर साठीचे काका, गळ्यात दोरीला चष्मा, फिल्मच्या जमान्यापासूनचे. पेन ड्राइव्ह दिला. त्यांनी फाइल उघडली, झूम केलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "कोण?"

"आजी."

"मग आज मोठा नाही काढायचा. आधी पट्टी काढू."

ही पट्टीची युक्ती म्हणजे या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. सोळा बाय वीसची तयार फाइल घ्यायची आणि ती लहान न करता तिच्यातून चार बाय सहा इंचांचा तुकडा कापायचा, ३०० नं १२०० बाय १८०० पिक्सेल. चेहऱ्याचा असेल तर उत्तम. तो तुकडा साध्या पोस्टकार्ड साइझच्या भावात छापून घ्यायचा. मोठ्या प्रिंटमध्ये चेहरा नेमका कसा दिसणार, ते चहाच्या किमतीच्या आसपास कळतं. ती पट्टी भिंतीवर चिकटवायची आणि सोफ्यावर बसून बघायची.

माझी पहिली पट्टी काळवंडून आली. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "तुमच्या लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल असणार." होताच. स्क्रीन आतून उजळतो, कागद नाही. फुल ब्राइटनेसवर बसून फोटो 'बरोब्बर' करायचा म्हणजे तो कागदावर अंधारात ढकलायचा. घरी येऊन ब्राइटनेस निम्म्याखाली आणला, कोरा कागद स्क्रीनशेजारी धरला, दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत कमी केला, आणि मग फोटो पुन्हा उजळला. प्रोफेशनल लोक यासाठी स्क्रीन कॅलिब्रेट करायचं यंत्र वापरतात. वर्षातून एक फोटो काढणाऱ्याला कागद पुरतो.

दुसऱ्या पट्टीत उजेड बरोबर, पण आजी पुन्हा दोन शेड गोरी! या वेळी मी चिडले. काकांनी मशीनवरच्या पोराकडे नजर टाकली. ऑटो करेक्शन सुरू होतं. मशीनला किंवा मशीनवाल्याला वाटतं की गिऱ्हाइकाला गोरंच हवं असतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना हवं असतंच. तेव्हा फाइल देताना 'नो करेक्शन' असं स्पष्ट सांगा, पाकिटावर लिहून द्या. त्याचबरोबर रंगांची फाइल एसआरजीबीमध्येच द्या. अडोबी आरजीबीत जास्त रंग मावतात म्हणून लोक हौसेनं त्यात देतात, पण लॅबचं मशीन एसआरजीबी धरून चालत असेल तर सगळे रंग फिके, आजारी येतात. लॅबला विचारायला लाजू नका. ज्या लॅबमध्ये 'कुठला प्रोफाइल?' या प्रश्नावर 'कसला?' असं उत्तर येतं, तिथून नमस्कार करून निघा.

कागदाचं म्हणाल तर चकचकीत ग्लॉसी टाळा, विशेषतः समोर ट्यूबलाइट किंवा खिडकी असेल तर. आजीऐवजी ट्यूबलाइट दिसते. मी दाणेदार लस्टर घेतला. कॉटनच्या कागदावर पिगमेंट इंकचे फाइन आर्ट प्रिंट्सही होतात, ते फार देखणे आणि फार टिकाऊ असतात, खिसा परवानगी देत असेल तर जरूर करा. फ्रेमवाल्याला मात्र एक सांगाच. काच फोटोला टेकता कामा नये, मधे माउंटची पट्टी हवी. आपल्या पावसाळ्यात टेकलेला फोटो काचेला चिकटतो आणि मग सोडवायला गेलं की चेहरा काचेबरोबर येतो. उन्हाच्या भिंतीवर लावू नका, हे सांगायला नको.

तिसरी पट्टी घरी आणली, पुस्तकाला टेकवून सोफ्याच्या वर ठेवली आणि मुद्दाम कोणाला काही बोलले नाही. संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले. चहाचा कप घेऊन नेहमीच्या जागी, भिंतीकडे पाठ करून बसायला गेले आणि मधेच थांबले. म्हटलं ना, कोणी दोन फुटांच्या आत जाणार नाही असं मी धरलं होतं? ते गेले. चष्मा कपाळावर ढकलून सहा इंचांवरून बघायला लागले. मी मनातल्या मनात पिक्सेल मोजत होते.

"हे कधीचं?"

"दादाच्या लग्नातलं. तुम्ही तिथे नसाल, तुम्ही तेव्हा आचाऱ्याशी भांडत होतात."

त्यांनी बोटानं हनुवटीवरचे ठिपके मोजले. एक, दोन, तीन. मग चहा गार होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

मोठा प्रिंट चार दिवसांनी आला. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी त्या दातवाल्या बाईंना उतरवलं. टाकून द्यायला आईचा जीव होईना, म्हणून त्या माळ्यावर आहेत. नवा हार आईनं जरा आखूडच आणला, डबा दिसावा म्हणून.

रात्री सगळे गेल्यावर बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"आमच्या दोघांचा पण एक काढून ठेव आत्ताच. चांगला, मोठा. तुझी ती फाइल वगैरे नीट असू दे."

"बाबा, काहीतरीच काय!"

"काहीतरीच काय त्यात? घाईत नको एवढंच. आणि हे बघ, माझे जेवढे दात आहेत तेवढेच ठेव."

रविवारी सकाळी काढणार आहे. खिडकीशेजारी, फ्लॅश बंद, झूम न करता.